पहिल्यांदा पंगत वाढताय? पान कसं मांडायचं, काय कधी वाढायचं

सत्यनारायणाला, केळवणाला किंवा बारशाला घर भरलं की कोणीतरी चटणीचं भांडं तुमच्या हातात देतं आणि म्हणतं, "घे, वाढायला लाग." चटणी पानात नेमकी कुठे पडायला हवी, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असणार, असं घरातल्यांनी धरलेलं असतं. लग्न होऊन मराठी घरात आलेल्यांची, बुफेवरच वाढलेल्या मुलांची आणि पहिल्यांदाच स्वतःच्या घरी पंचवीस पानं मांडणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

पंगतीचे नियम सोवळ्याओवळ्याचे म्हणून पाठ करायला गेलात तर लक्षात राहणार नाहीत. वाढप्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर राहतील. वाढपी ओणव्याने पुढे सरकत असतो, हातात गरम भांडं असतं, समोर बारा पानं असतात आणि मागून वरणवाला येतच असतो. प्रत्येकाला "कुठे वाढू?" विचारायला वेळ नाही. म्हणून प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली, आणि कोण कोणाच्या मागून जाणार हेही ठरलेलं.

जागा आणि पानं

मांडी घालून बसलेल्या माणसाला दोन फूट रुंदी लागते. बारा जणांची ओळ म्हणजे चोवीस फूट. हॉलमध्ये तेवढी लांबी नसेल तर दोन ओळी समोरासमोर करा. दोन्ही ओळींच्या पानांमध्ये निदान तीन फूट मोकळे हवेत, कारण वाढपी समोरून चालतो. जागा कमी पडली की साडीचा पदर नाहीतर ओढणी कोणाच्या तरी आमटीत बुडते. पदर खोचून आणि ओढणी बांधूनच वाढायला उतरा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना ओळीच्या टोकाला टेबल-खुर्ची द्या, पण पान तसंच मांडा आणि पदार्थही त्याच फेरीत वाढा. त्यांना आधी उरकून घेऊ नका.

केळीचं पान मांडताना निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो, रुंद बाजू उजवीकडे. एका मोठ्या पानाचे तीन-चार तुकडे केले की मधल्या तुकड्यांना शेंडाच नसतो. तिथे मधल्या दांड्याची जाड बाजू उजवीकडे ठेवायची. पान पालथं करून तो दांडा सुरीने थोडा तासून घ्या, नाहीतर पान मधोमध उंच राहतं आणि सगळं पातळ जेवणाऱ्याच्या मांडीकडे धावतं. तासताना सुरी आडवी धरा. जास्त खोल गेली तर पान तिथेच दुमडतं. मग दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसायचं, शिरांच्या दिशेने. आडवं पुसलं की फाटतं. आदल्या संध्याकाळी पानं आणली असतील तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

पत्रावळी असतील तर पातळ पदार्थांना द्रोण हवेच. अळू, आमटी, मठ्ठा, खीर असं काही असेल तर माणशी दोन द्रोण आणि वर चार-पाच जास्तीचे धरा, कारण काही द्रोण गळतातच. स्टीलची ताटं असली तरी मांडणी तीच, फक्त द्रोणांच्या जागी वाट्या.

पाण्याचं भांडं पानाच्या डाव्या अंगाला ठेवा. उजवा हात जेवताना खरकटा असतो, त्यामुळे भांडं डाव्या हाताने उचललं जातं. पानाभोवती रांगोळीची एक महिरप पुरते. ती पानाला चिकटून काढू नका, वारा आला की भातात जाते. (श्राद्धाच्या पानाला रांगोळी काढत नाहीत. त्या दिवशीचं वाढणं वेगळं असतं, ते घरच्या गुरुजींना विचारून करावं.)

पानाचा नकाशा

पानाकडे जेवणाऱ्याच्या बाजूने बघा. वरच्या कडेला मधोमध मीठ. ते आधी वाढायचं, म्हणजे बाकीच्यांना मधली खूण मिळते.

मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, पंचामृत, कोशिंबीर. हीच ती जेवणाची "डावी बाजू". मिरची, दाणे, तीळ, खोबरं, चिंच आणि गूळ यांचं दाट पंचामृत इथे येतं. देवाला घालतात ते दूध-दह्याचं पंचामृत वेगळं, त्याच्याशी गल्लत करू नका. मिठाच्या उजवीकडे भाज्या: आधी सुकी बटाट्याची, मग उसळ, मग द्रोणात अळूचं फदफदं किंवा आमटी. गोडही उजवीकडेच, भाजीच्या खाली. मध्ये, जेवणाऱ्याच्या अगदी समोर, वरणभात. डावीकडे खाली पुरी किंवा पोळी, तिच्याजवळ भजी, पापड, कुरडई.

यामागचा हिशेब साधा आहे. डावीकडचं बोटाने चाटायचं, म्हणून ते थोडं आणि लांब. उजवीकडचं घासागणिक लागतं, म्हणून ते हाताशी. "डावी बाजू" वाढणाऱ्याला हात आवरता यायला हवा: मीठ चिमूटभर, चटणी चहाचा एक चमचा, लोणच्याची एकच फोड आणि तीही खार निथळून, कोशिंबीर एक मोठा चमचा. सुक्या भाजीची एक पळी. नवखे चटणी भाजीएवढी वाढतात, मग पंगत उठल्यावर पंचवीस पानांवर पाऊण वाटी चटणी तशीच पडलेली दिसते.

घरोघरी थोडा फरक असतो. काही घरी गोड डावीकडे वाढतात, काही घरी भजी उजवीकडे. वाद घालू नका. देवाचं पान घरातल्या ज्येष्ठ बाई आधी वाढतात. ते नीट बघा आणि त्याचीच नक्कल करा. एक अपवाद लक्षात ठेवायचा: नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. त्या पानाखाली पाण्याने चौकोन काढतात आणि पदार्थांवर तुळशीचं पान ठेवतात.

पानातला सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे कोशिंबिरीचं पाणी. चोचवलेल्या काकडीला आधीच मीठ लावलं की पाणी सुटतं, ते चटणीत शिरतं, तिथून पुरीखाली जातं, आणि पुरी वाढेपर्यंत खालून लिबलिबीत होते. काकडी चोचवून घट्ट पिळून ठेवा, दाण्याचं कूट आणि फोडणी घाला, पण मीठ आणि दही पानं मांडायला लागल्यावर. पिळलेलं पाणी कणकेत किंवा मठ्ठ्यात जातं.

वाढण्याचा क्रम

पंचवीस पानांना चार वाढपी पुरतात. पहिला मीठ, लिंबू आणि डावी बाजू घेतो. चौफुल्यात चटणी, लोणचं, पंचामृत आणि कोशिंबीर एकदम नेता येते, त्यामुळे त्याची एकच फेरी होते. दुसऱ्याकडे भाज्या. तिसरा पुरी, भजी, पापड आणि गोड घेतो. चौथा भात, वरण आणि शेवटी तूप. पाणी वाढायला दहा-बारा वर्षांची मुलं उत्तम. झारी त्यांच्या हातात अर्धीच भरून द्या.

लोक बसायच्या आत डावी बाजू आणि सुक्या भाज्या वाढून झालेल्या असाव्यात. बसल्यावर पातळ भाजी, गोड, पुरी. पापड त्याच्याही नंतर, कारण दहा मिनिटांत तो सादळतो. सगळ्यात शेवटी भात, वरण आणि तूप. हा क्रम उलटा झाला तर भात गार होतो आणि वरणावर साय धरते.

भाताची मूद पाडणं दिसतं सोपं. वाटी पाण्यात बुडवून झटकायची, भात भरून वरून हलकंच दाबायचं, पानाच्या मध्यावर वाटी पालथी घालून बुडावर एक चापट मारायची आणि वाटी सरळ वर उचलायची. वाटी तिरकी उचलली की मूद ढासळते. दर तीन-चार मुदींनंतर वाटी पुन्हा ओली करा. भात आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा मऊ शिजलेला हवा. बासमतीची मूद पडत नाही, पडली तरी वरण ओतताच सुटते. वरण तुरीच्या डाळीचं, घोटलेलं आणि पळीतून सावकाश पडेल इतकं दाट. पळी मुदीच्या माथ्याला जवळजवळ टेकवून वरण सोडायचं. उंचावरून सोडलं की शेजारच्या श्रीखंडात थेंब जातात. पातळच झालं असेल तर मूद न पाडता भाताचं आळं करून त्यात वरण घालायचं.

त्यावर चमचाभर पातळ तूप. याला अन्नशुद्धी म्हणतात, आणि तूप शेवटच्या पानावर पडलं की वाढणं पुरं झालं. तोपर्यंत कोणी जेवायला लागत नाही. नव्या माणसाचा हात नकळत पापडाकडे जातो, तेवढा आवरा. मग श्लोक किंवा "पुंडलिक वरदे"चा गजर होतो आणि यजमान हात जोडून म्हणतात, "सावकाश होऊ द्या." तिथून जेवण सुरू. काही वडीलधारे आधी पानाभोवती पाणी फिरवतात आणि उजव्या बाजूला जमिनीवर भाताची चार-पाच शितं ठेवतात. त्या चित्राहुती. सांडलं असं समजून पुसायला जाऊ नका.

मधल्या फेऱ्या

मराठी पंगतीत भात तीनदा येतो. पहिला वरणभात, मधला मसालेभात, आणि शेवटचा ताक किंवा दह्याचा, त्याला "मागचा भात" म्हणतात. पहिला भात निम्म्या ओळीचा संपत आला की पुऱ्यांची दुसरी फेरी काढा. सगळ्यांचा संपायची वाट पाहिली तर भराभर जेवणारे रिकाम्या पानाकडे बघत बसतात. मसालेभातावरही तूप लागतं, आणि ओलं खोबरं-कोथिंबीर. ते वेगळं न्या, भातात आधीच मिसळू नका. मठ्ठा मसालेभाताबरोबर फिरवायचा.

फेरी काढताना पदार्थाचं नाव घेत चालायचं: "पुरी, पुरी", "बटाटा, बटाटा". ज्याला हवं तो मान वर करतो. "हवंय का?" असं विचारू नये, "वाढू का?" किंवा "थोडं घ्या" म्हणावं. पुऱ्या दोन वाढा, एक वाढा, चार वाढा, पण एकदम तीन नको. तीन वाढणं अशुभ मानतात आणि आजीच्या वयाचं कोणी असेल तर लगेच टोकतं.

पदार्थ तळाला गेला तरी "संपलं" म्हणत नाहीत. "आणतो" म्हणून आत जायचं आणि दुसरा पदार्थ घेऊन बाहेर यायचं. संपण्याचा, फुटण्याचा उच्चार टाळायची सवय आपल्या बोलण्यात सगळीकडेच आहे: नारळ फोडत नाहीत, वाढवतात; बांगडी फुटली तर वाढवली म्हणतात; आणि निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणतात.

उष्टं आणि खरकटं

इथे नवखे हमखास चुकतात आणि त्यांना चूक कळतही नाही. जेवायला लागल्यावर पान उष्टं झालं. वाढायची पळी त्या पानाला, पानातल्या पदार्थाला किंवा जेवणाऱ्याच्या हाताला लागली की ती पळी पुन्हा भांड्यात घालायची नाही, कारण मग अख्खं भांडं उष्टं. ती आत ठेवून दुसरी घ्यायची. म्हणून पळी पानाच्या चार बोटं वर थांबवून पदार्थ खाली सोडायचा. चिकट भाजी पळीतून सुटत नसेल तर पळीच्या दांड्यावर डाव्या हाताचं बोट आपटायचं, पानाच्या कडेवर पळी आपटायची नाही. वाढायचं उजव्या हाताने, भांडं डाव्या हातात. जड भांडं असेल तर ते धरायला दुसरा माणूस घ्या.

खरकटं वेगळं. शिजवलेल्या अन्नाचा हात, शितं, जेवलेल्या जागेची जमीन हे सगळं खरकटं. त्या हाताने लोणच्याच्या बरणीला किंवा दुधाच्या पातेल्याला शिवत नाहीत. त्यात शहाणपण आहे: ओला, अन्नाचा हात लागला की लोणच्याला बुरशी येते.

आग्रह: करायचा किती, मोडायचा कसा

पहिलं "नको" हे नकार नसतं, ती रीत असते. दुसरं "नको" विचार करायला लावणारं असतं. तिसऱ्यांदा पानावर हात आडवा आला की थांबायचं. आडव्या हाताच्या फटीतून जिलबी सरकवणं ही एके काळी गंमत समजत. आता मधुमेहाची गोळी घेऊन बसलेल्या माणसावर ती करू नका. भांडं पुढे नेताना मात्र घाई नको, कारण आडवा हात अचानक येतो आणि गरम आमटी त्यावर सांडते.

तुम्ही जेवणाऱ्यांत असाल तर दोन युक्त्या. हात वाढपी वाकायच्या आधी आडवा करा, पळी भरल्यावर नाही. आणि गोडाचा शेवटचा तुकडा पानात ठेवून बाकीचं जेवण उरका; रिकामी जागा दिसली की ती भरायची, हे वाढप्याला शिकवावं लागत नाही. पोळी-पुरी अर्धी मागायला लाजू नका. पानात टाकणं हे मागून घेण्यापेक्षा वाईट दिसतं.

आपल्या माणसाला तुपाची धार आणि परक्याला चमचा, असं एकाच पंगतीत वेगवेगळं वाढण्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. खास त्यासाठी भाषेत शब्द आहे, म्हणजे तो किती होत असेल ते समजा. जातीप्रमाणे पंगतीच वेगळ्या बसत तो काळही फार जुना नाही; विसाव्या शतकात सगळ्या जातींनी एका ओळीत जेवायचं म्हणून मुद्दाम सहभोजनं घालावी लागली. आज घरच्या पंगतीत पंक्तिप्रपंच होतो तो बहुतेक वेळा नकळत: ओळीच्या दोन्ही वेळच्या फेऱ्या एकाच टोकाकडून सुरू होतात आणि शेवटच्या चौघांना दरवेळी तळाचं मिळतं. एक फेरी या टोकाकडून काढली की पुढची त्या टोकाकडून काढा.

पंचवीस माणसांचं प्रमाण

वरणभात, मसालेभात, पुरी, श्रीखंड, दोन भाज्या आणि डावी बाजू असा बेत धरला आहे. जेवणाऱ्यांत मुलं बरीच असतील तर थोडं कमी करा.

साध्या भाताला, मागचा भात धरून, दीड किलो तांदूळ
मसालेभाताला १ किलो तांदूळ
वरणाला पाऊण किलो तूरडाळ
पुऱ्यांना २ किलो कणीक; १ किलोच्या लहान पुऱ्या साधारण ६० ते ७० होतात
बटाटे अडीच किलो, काकडी दीड किलो
श्रीखंड अडीच किलो. घरी करत असाल तर १ किलो ४०० ग्रॅम चक्का आणि १ किलो १०० ग्रॅम साखर
मठ्ठ्याला २ लिटर दही आणि ४ लिटर पाणी
लिंबं ७, एकाच्या चार फोडी
तूप अर्धा किलो

श्रीखंड आदल्या रात्री करा, साखर विरघळायला वेळ मिळतो. मठ्ठ्यात मीठ-मिरची सकाळी, पण तो उन्हात ठेवू नका, तासाभरात आंबट होतो. भात मात्र दोनदा लावा. सगळा एकदम लावला तर मागच्या भाताच्या वेळी गोळा झालेला असतो.

पंगत उठताना

आपलं जेवण झालं म्हणून मधूनच उठायचं नाही. शेजारचा अजून जेवत असेल तर पानावर हात ठेवून गप्पा मारत बसायचं. ओळीतले ज्येष्ठ उठले की सगळे उठतात. फारच घाई असेल तर शेजाऱ्यांना विचारून, "तुमचं सावकाश होऊ द्या" म्हणून उठावं. मोरीजवळ कोमट पाणी आणि पंचा तयार ठेवा. तुपाचा हात गार पाण्याने निघत नाही. मग विडा किंवा सुपारी-बडीशेप, आणि ब्राह्मण-सवाष्ण जेवायला बोलावले असतील तर दक्षिणा, ती विड्याबरोबर.

पानं उचलताना ती आतल्या बाजूला दुमडून घमेल्यात ठेवा, फरफटत नेऊ नका. द्रोणातलं पातळ आधी एका बादलीत ओतून घ्या, नाहीतर घमेल्यापासून दारापर्यंत मठ्ठ्याची रेघ उमटते. प्लॅस्टिकचे पेले आणि कागदी रुमाल वेगळे काढा. पानं गाईला किंवा खताच्या खड्ड्यात जाणार असतील तर हे आधीच व्हायला हवं. जमीन दोनदा पुसायची: आधी शितं टिपून घ्यायची, मग ओल्या फडक्याने. एकदमच ओलं फिरवलं की शितं चिरडून लादीला चिकटतात आणि पुढच्या पंगतीचे पाय त्यावर पडतात.

राहिली वाढप्यांची आणि स्वयंपाकघरातल्यांची पंगत. त्यांच्यासाठीचं श्रीखंड, भजी आणि पुऱ्यांचं पीठ पहिली फेरी निघायच्या आधी झाकून बाजूला ठेवा. नंतर काढू म्हटलं तर उरतो तो बटाटा आणि गार भात. ही पानं जेवून उठलेल्यांनी मांडायची आणि त्यांनीच वाढायची, मिठापासून तुपापर्यंत, त्याच क्रमाने.